कांदिवलीच्या कपाटातलं हेवी मेटल

महाराष्ट्रात कुठेही पुस्तक छापलं गेलं, अगदी तालुक्याच्या गावी दोनशे प्रतींचा कवितासंग्रह निघाला, तरी त्याच्या प्रती चार ग्रंथालयांना पाठवणं प्रकाशकावर १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि आपल्या मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय ही ती चार. १९५६ मध्ये वर्तमानपत्रंही या कायद्याखाली आली. ध्वनिमुद्रणं मात्र आजही त्याच्या बाहेर आहेत. त्यामुळे २००५ साली मुंबईतल्या एखाद्या मेटल बँडने पदरचे पैसे घालून काढलेली सीडी आज ऐकायची असेल, तर कुठल्याही सार्वजनिक ग्रंथालयात ती असेलच याची हमी नाही. ती असते कांदिवली, बोरिवली, मुलुंड, ठाणे इथल्या कुणाच्या तरी कपाटात, शाळेच्या जुन्या दाखल्यांच्या शेजारी.

मी कांदिवलीचा, मेटल ऐकणारा आणि रेकॉर्ड जमवणारा. या छंदाकडे लोक दोन प्रकारे बघतात: एक तर वयाबरोबर उतरायला हवा होता असा गोंगाटाचा नाद, नाहीतर जुन्या वस्तूंचं महागडं वेड. माझं म्हणणं वेगळं आहे. उपनगरातल्या मेटलवाल्यांनी न ठरवता या शहराच्या संगीताचा एक अभिलेख सांभाळला आहे, आणि आता तो ठरवून सांभाळण्याची वेळ आली आहे.

आधी हे संगीत मुळात काय आहे ते पाहू. हेवी मेटल कारखान्यांच्या गावात जन्मलं. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गेला तो तारा दाबायचा हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ (१९७१) या अल्बममधल्या काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर उतरवून लावली. तारा ढिल्या, आवाज खोल. मेटलमधला तो जडपणा बऱ्याच अंशी एका कामगाराने आपल्या दुखापतीवर काढलेल्या तोडग्यातून आला. आकुर्ली रोडवर ट्रॅक्टरच्या कारखान्याच्या भिंतीलगत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाच्या करकरीची. ॲम्प्लिफायरला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की लहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर तयार होतात. दोन स्वर एकत्र छेडले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचेही स्वर निघतात. त्यामुळे अशा आवाजात गंधार घेतला की गढूळ होतो, म्हणून मेटलचा गिटारवादक बहुतेक वेळा फक्त षड्ज आणि पंचम धरतो. त्यांचं प्रमाण दोनास तीन. फरक एक, म्हणजे थेट खालच्या सप्तकातला षड्ज. गिटारची सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झची, तिचा पंचम १२३.५ चा, वजाबाकी ४१.१, आणि एवढा खालचा स्वर त्या गिटारवर कुठेच नाही. तो कुणी वाजवत नाही, तरी तो कानावर येतो. तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी उघडणाऱ्याला उपस्वरांची ही श्रीमंती नव्याने समजावून सांगावी लागणार नाही. ब्लॅक सॅबथच्या त्याच नावाच्या गाण्यातली भीती षड्जावरून तीव्र मध्यमावर जाण्यात आहे. मारव्या-पूरियात मुरलेल्या कानाने ते गाणं एकदा ऐकावं.

हे संगीत मुंबईत पोहोचलं ते बंदराच्या शहरात सगळं पोहोचतं तसं, तुकड्या-तुकड्यांनी. लेड झेपेलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. ते अधिकृतपणे प्रसिद्ध झालं २०१५ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस म्हणजे आयात माल बघायला जायची जागा. १९४० च्या दशकात सुरू झालेलं ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. चोरबाजारात शुक्रवारी पहाटे गेलं तर भीमसेन जोशींच्या खाली डीप पर्पल सापडायचं. पण हे सगळं दक्षिण मुंबईत. उपनगरात मेटल आलं ते कॅसेटवरून, आणि त्याला कारण घरांचं आहे.

कांदिवली पश्चिमेचं चारकोप घ्या. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने तिथे भूखंड पाडून दिले आणि लोकांनी आपापली बैठी घरं बांधली. त्यातले पुष्कळ भूखंड पंचवीस-तीस चौरस मीटरच्या घरातले. एलपीचं कव्हर सव्वाएकतीस-साडेएकतीस सेंटिमीटरचं, रेकॉर्डसकट वजन पाव किलोच्या आसपास. दोनशे एलपी म्हणजे पन्नास किलोचा भार आणि पाऊण मीटर फळी, शिवाय टर्नटेबल, ॲम्प, दोन स्पीकर. जिथे रात्री स्वयंपाकघरातही अंथरूण पडतं तिथे हे ठेवणार कुठे? कॅसेट उशाशी राहते. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूला आयर्न मेडन, दुसऱ्या बाजूला मेटॅलिका असे दोन अल्बम बसतात. दुकानात यादी देऊन कॅसेट भरून घ्यायची, मग ती मित्राकडे, मित्राकडून त्याच्या चुलतभावाकडे विरारला. प्रत्येक नकलेत खसखस वाढायची आणि झांजा विझत जायच्या. जगभर मेटल असंच पसरलं. मेटॅलिकाचा १९८२ चा डेमो ‘नो लाइफ टिल लेदर’ बँडला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा कॅसेटांच्या अदलाबदलीतूनच देशोदेशी गेला. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांवर एमटीव्ही दिसू लागलं आणि ज्यांचे फक्त आवाज माहीत होते त्यांचे चेहरेही कळले.

संगीत प्रत्यक्ष ऐकायला मात्र मरीन लाइन्सला उतरावं लागे. धोबी तलावचं रंगभवन, सेंट झेवियर्स कॉलेजच्या अगदी शेजारचं खुलं नाट्यगृह. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी तिथे ‘इंडिपेन्डन्स रॉक’ सुरू केलं. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणारा हा मेळा मुंबईच्या दोन पिढ्यांची मेटलची शाळा ठरला. काळे टी-शर्ट, भर पावसाळा, दगडी पायऱ्या. पुढे ध्वनिप्रदूषण नियम, २००० आले. रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला, आणि रंगभवनाच्या भोवती या तिन्ही गोष्टी आहेत. तिथले खुले जलसे बंद पडले. नियमाच्या हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही, रुग्णाला झोप हवीच. पण त्या बदल्यात शहराने तरुणांना परवडेल असं दुसरं खुलं नाट्यगृह दिलं नाही, आणि ते नुकसान अजून भरून निघालेलं नाही. काही काळ केंद्र उत्तरेकडे सरकलं: जुहूचं रॅझबेरी ऱ्हायनोसेरस, अंधेरीचं बी६९, अंधेरीचंच चित्रकूट मैदान. कांदिवलीकराला शेवटची गाडी गाठणं जरा सोपं झालं. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडनने आपल्या जागतिक दौऱ्याची पहिली मैफल वांद्रे-कुर्ला संकुलात केली. त्यांचं विमान चालवत होता त्यांचाच गायक, ब्रूस डिकिन्सन.

पण मेडन सगळ्यांकडे आहे. माझ्या मते इथल्या संग्राहकाचं खरं धन वेगळं आहे. १९८४ मध्ये रॉक मशीन उभं राहिलं. उदय बेनेगल यांचं गायन, महेश तिनईकर यांची गिटार. त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ १९८८ चा. हॉटेलात इंग्रजी गाण्यांच्या नकला वाजवायच्या त्या काळात स्वतःची गाणी काढणारा. १९९३ मध्ये तेच इंडस क्रीड झाले. मग दुसरी, जास्त उग्र पिढी. सेप्टरने १९९८ पासून थ्रॅश वाजवलं. साहिल मखिजा यांनी २००० मध्ये डेमोनिक रेझरेक्शन सुरू केलं, स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं, आणि ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) पासून पुढे अल्बम काढत राहिले. त्यांच्या २०१७ च्या अल्बमचं नाव ‘दशावतार’. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी. कोकणात रात्रभर दशावतार पाहिलेल्या माणसाने नरसिंहावरचं गाणं ऐकलं तर त्यातला क्रोध त्याला ओळखीचा वाटेल. भयानक मौत २००३ चे. नावातच सगळं आलं, पण त्यांचा ‘मॅन’ (२०१४) हा मुंबईत घडलेल्या सर्वांत गुंतागुंतीच्या, सर्वांत विचारपूर्वक केलेल्या अल्बमांपैकी एक आहे, आणि मी हे मेटलपुरतं म्हणत नाही. स्क्राइबच्या ‘मार्क ऑफ तेजा’ला (२०१०) नाव मिळालं ‘अंदाज अपना अपना’वरून. झिग्निमा २०११ मध्ये जर्मनीतल्या वाकेनच्या मेटल महोत्सवात वाजवून आले. गट्सलिट, डिव्हॉइड अशी नावं आणखी सांगता येतील.

ही गाणी बहुतेक इंग्रजीत आहेत, म्हणून ती ‘आपली’ नाहीत असं मी मराठी मित्रांकडून पुष्कळदा ऐकतो. मला ते पटत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत खिडक्यांना गाद्या लावून केलेला सराव, ड्रमच्या झांजा मांडीवर घेऊन केलेला लोकलचा प्रवास आणि गणपतीच्या मंडपासाठी आणलेल्याच साउंड सिस्टीमवर झालेला पहिला कार्यक्रम यातून जे संगीत निघालं ते या शहराचं आहे. ते जपायला भाषेची अट कशासाठी?

जपायचं तर आधी वस्तू समजून घ्यावी लागते. हल्ली एलपी पुन्हा निघू लागल्या आहेत आणि तरुण संग्राहक तिथूनच सुरुवात करतात, म्हणून तिच्यापासून सुरू करू. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, बारीक खाचेची व्हिनाइल तबकडी आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसू लागली. खाच म्हणजे आवाजाच्या लहरीचं कोरलेलं चित्र. खर्जाच्या लहरी रुंद, त्या जशाच्या तशा कोरल्या तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वरचे स्वर उचलतात, वाजवताना ॲम्प नेमकं उलट करतो. १९५४ मध्ये याचं एक प्रमाण ठरलं, तेच आजही चालतं.

मेटलची अडचण इथेच येते. खर्जातली गिटार, दोन पायांनी वाजणारा बास ड्रम, सतत भरलेला आवाज: या सगळ्याला खाच रुंद हवी. रुंद खाच म्हणजे कमी मिनिटं. मिनिटं वाढवायची तर आवाज बारीक कोरावा लागतो आणि मग पृष्ठभागाची खरखर वर येते. त्यात भर म्हणजे तबकडी एकाच गतीने फिरते, पण सुईखालून सरकणारी खाच कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते आणि मध्याजवळ अवघी २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, म्हणून शेवटच्या गाण्यात झांजा आणि ‘स’कार फाटतात. आयर्न मेडनच्या ‘पॉवरस्लेव्ह’ची (१९८४) दुसरी बाजू पंचवीस मिनिटांच्या पुढे जाते आणि तिच्यावरचं सर्वांत लांब, तेरा मिनिटांहून मोठं गाणं नेमकं सर्वांत आतल्या खाचांत येतं. म्हणून चांगल्या कटिंग इंजिनिअरची प्रत शोधायची. ती ओळखायला शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीवर खरडलेले क्रमांक आणि आद्याक्षरं बघतात. रॉबर्ट लुडविगचं ‘आरएल’ तिथे दिसलं की जाणता गिऱ्हाईक घासाघीस थांबवतो.

व्हिनाइल मुळातच श्रेष्ठ, हे मात्र मी मान्य करत नाही. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) मिक्स करतानाच इतका ठासून भरलेला होता की लहरींचे माथे छाटले गेले होते. ते तबकडीवर कोरून परत येत नाहीत. आणि मुंबईच्या २००० नंतरच्या बँडांच्या बाबतीत तर मूळ वस्तू सीडीच आहे. जपायची ती.

आपल्या हवेत प्रत्येक वस्तू वेगळ्या तऱ्हेने मरते. बुरशीला व्हिनाइल खाता येत नाही, पण बोटांचा तेलकटपणा, धूळ आणि पुठ्ठ्याची कव्हरं तिला पुरतात. जून ते सप्टेंबर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं, रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहाव्यात. मऊ पीव्हीसीची जुनी पारदर्शक आवरणं काढून टाकावीत. उष्म्यात त्यांतलं रसायन रेकॉर्डवर कायमचं धुकं धरतं. कॅसेटच्या फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर ती चांगल्या डेकमध्ये घालू नये, नाहीतर ती पुढच्या कॅसेटलाही लागते.

सर्वांत नाजूक आहे ती घरच्या संगणकावर भरलेली सीडी. कारखान्यातल्या सीडीत खाचा प्लास्टिकमध्येच दाबलेल्या असतात. घरी भरलेल्या सीडीत खाचा नसतात; लेसरने रंगद्रव्याच्या थरावर डाग पाडलेले असतात, आणि ते रंगद्रव्य ऊन, उष्णता, दमट हवा यांनी फिकं होत जातं. कितीतरी बँडांचे पहिले डेमो याच सीडींवर आहेत. कार्यक्रमाच्या दारात मूठभर प्रती वाटल्या गेल्या आणि संपल्या. एलपीला शंभर वर्षं देता येतील, पण या सीडींना वाट बघायला वेळ नाही. ज्याच्याकडे असतील त्याने या महिन्यात त्या चुका तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने उतरवून फ्लॅकसारख्या कुठलीही काटछाट न करणाऱ्या स्वरूपात दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

हे काम एकट्या-दुकट्या छांदिष्टाचं वाटेल, पण त्याला मुंबईतच एक भक्कम उदाहरण आहे. १९९० मध्ये इथे ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी मानद सचिव म्हणून ती वर्षानुवर्षं चालवली, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढलं. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, नाट्यगीतं, विस्मरणात गेलेल्या गायिका, त्यांच्या लेबलांचे क्रमांक आणि ध्वनिमुद्रणाच्या तारखा या मंडळींनी जुळवल्या. नुसतं जमवणं आणि जतन करणं यातलं अंतर त्यांनी याद्यांनी भरून काढलं.

त्या तबकड्यांना एक सोय होती. १९०२ मध्ये गौहरजान यांनी कोलकात्यात ध्वनिमुद्रण केलं तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या आपलं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कारागिरांना गायिका ओळखू यावी म्हणून ही पद्धत होती. आमच्या डेमोंवर असं काहीच नाही. घशातून काढलेल्या गुरगुरीतून शब्द उमगत नाहीत, डेथ मेटलची बोधचिन्हं काटेरी झुडपासारखी असतात आणि वाचता येत नाहीत, आणि सीडीवर मार्करने लिहिलेलं एक अक्षर तेवढं उरलेलं असतं. म्हणून प्रत्येक वस्तूसोबत एक कागद हवा: बँड, वर्ष, कोण काय वाजवतं, कुठे मुद्रित केलं, कुठल्या कार्यक्रमात विकत घेतलं, तिकीट असेल तर तेही. माझ्या फळीवर मी हेच करतो आहे, कांदिवली-बोरिवलीतले इतर लोकही करत असतील तर याद्या एकत्र जुळवता येतील.

कायद्याची बाजूही माहीत असावी. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. २००५ च्या अल्बमचा २०६५ अखेरपर्यंत. उतरवलेली प्रत वाटता येणार नाही, विकता तर नाहीच. २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला मात्र आपल्याकडच्या बिगर-डिजिटल प्रतीची जतनासाठी डिजिटल नक्कल ठेवायची मुभा दिली आहे. कॅसेट आणि एलपी त्यात सरळ बसतात. म्हणजे मूळ वस्तू ग्रंथालयाच्या हाती पोहोचली तर एक दार उघडं आहे. टाउन हॉलमधल्या ग्रंथालयाने किंवा मुंबई विद्यापीठाने अशी दानं स्वीकारायची ठरवली तर द्यायला माणसं तयार होतील, मी पहिला. आणि माहिती अपुरी असेल तर विचारायला माणसंही आहेत. यातले बहुतेक वादक अजून चाळिशी-पन्नाशीत आहेत, फोन उचलतात, आणि कुठल्या खोलीत कुठला माइक कशावर टांगला होता हे तासभर सांगतात.